पेलेग ट्रिपचं मत

तिसऱ्या बाकाखालची ओल अकरा इंच लांब आणि साडेचार इंच रुंद होती. कडा सरळ नव्हत्या. दाराकडच्या टोकाला ती थोडी निमुळती झाली होती. बाहेर नऊ दिवस पाऊस नव्हता. छत मी खालून नीट तपासलं, तिथे डाग नव्हता. पाण्याची बादली त्या बाजूला मी नेलीच नव्हती. मी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. खारट होतं.

हे सतराशे नव्वदच्या एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातलं, गावसभा संपून माणसं घरी गेल्यानंतरचं. सभाघराची किल्ली माझ्याकडे असते. झाडणं, खिडक्या उघडणं, बाकं पुसणं हे माझं काम, आणि त्यामुळे मागच्या जिन्याच्या पायरीवर बसून सभा ऐकायला मला कुणी मना करत नाही. माझं दुसरं काम भरती-ओहोटीची कोष्टकं करणं. वडील गलबतांवर जाणाऱ्या पोरांना गणित शिकवायचे, मी बाजूला बसून शिकले. न्यूपोर्टचा एक छापखाना दर वर्षी पंचांगासाठी माझी कोष्टकं घेतो. नाव छापत नाही.

त्या सकाळी सभेत नव्या राज्यघटनेवर मतं घेतली होती. बाकीची बारा राज्यं ती मान्य करून एक झाली होती. आमचं ऱ्होड आयलंड तेवढं बाहेर. मे अखेरीला न्यूपोर्टला सगळ्या गावांचे प्रतिनिधी जमणार होते, आणि आमच्या पेनॅक गावच्या दोघांनी तिथे काय म्हणायचं ते गावाने ठरवून द्यायचं होतं. दोन वर्षांपूर्वी गावाने 'नाही' ठरवलं होतं. आता पुन्हा विचारायची वेळ आली होती.

कॅप्टन बार्नी आधी बोलले. त्यांची तीन गलबतं आहेत आणि आवाज तिन्ही गलबतांवर पोचेल असा. "उद्या आपलं जहाज बॉस्टनला लागलं की ते परदेशी! आपला कांदा परदेशी, आपलं चीज परदेशी. शेजारच्या घरात जायला वेशीवर कर भरायचा. चालेल तुम्हाला?"

"कॅप्टन," माझा दीर गिडियन पहिल्या बाकावरून उठला, "राजाला एवढं रक्त सांडून हाकललं, ते न्यूयॉर्कला दुसरा बसवायला का? पहिला निदान समुद्रापलीकडे होता."

"राजा नव्हे, अध्यक्ष."

"मग मी बिशप."

लोक हसले. सभापती, चर्चचे डीकन लॅफम यांनी काठी आपटली आणि माझ्या मामांना मतदारांचं पुस्तक उघडायला सांगितलं. जाबेझमामा एकवीस वर्षं गावचे चिटणीस आहेत.

आमच्याकडे चिठ्ठ्या टाकत नाहीत. चिटणीस पुस्तकातून नाव वाचतो आणि विचारतो, "हो की नाही?" माणसाने बसल्या जागेवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं. पुस्तक मिटेपर्यंत कुणालाही उठून आपलं मत बदलता येतं. बरोबरी झाली तर जुना ठराव कायम.

पेनॅकची आणखी एक रीत आहे. समुद्रात गेलेला माणूस, ज्याचं शरीर सापडलं नाही आणि ज्याला बुडताना कुणी पाहिलं नाही, त्याचं नाव पुस्तकातून काढत नाहीत. अशी नावं सगळ्यांच्या शेवटी, तीन तीन वेळा वाचतात. तिसऱ्या हाकेनंतर सभा गप्प बसते, चिटणीस मनात वीसपर्यंत मोजतो आणि पुढे 'हजर नाही' असं लिहितो. नाव काढायचा अधिकार घरच्या सगळ्यात जवळच्या माणसाचा. त्याने सभेत उभं राहून 'तो मेला' एवढं म्हणायचं. बायको असेल तर बायकोने. आमच्या सभेत बाईला बोलायची वेळ येते ती एवढीच.

इंग्रजांशी लढाई संपली तेव्हा पुस्तकात अशी सात नावं होती. सहा घरची माणसं एकेक करून उभी राहिली. उरलं एक, पेलेग ट्रिप. माझा नवरा. तो सतराशे एक्क्याऐंशीच्या सप्टेंबरमध्ये एकटा आपली होडी घेऊन कांद्याची पोती पोचवायला निघाला, धुक्यात शिरला आणि परत आला नाही. त्या दिवसांत इंग्रज माणसं पकडून नेत. कैदी म्हणून गेलेले काही जण लढाईनंतर चार वर्षांनीसुद्धा घरी आले. त्यामुळे मी उभी राहत नाही याचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

त्या सकाळी एकोणऐंशी माणसांनी उत्तरं दिली. बाजूने चाळीस, विरुद्ध एकोणचाळीस. कॅप्टन बार्नी टोपी उचलून घालायच्या बेतात होते.

"पेलेग ट्रिप," मामांनी वाचलं. "हो की नाही?" पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. मामा मोजू लागले, आणि सवयीने मीही. मी नऊवर होते तेव्हा तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

"नाही."

मोठा नव्हता. धुक्यात एका होडीतून दुसरीला देतात तसा, सपाट आणि थोडा लांबवलेला.

तिसऱ्या बाकाच्या एका टोकाला म्हातारा केलब बसला होता, दुसऱ्या टोकाला एबल स्लोकम, चोवीस वर्षांचा. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मग दोघंही एकाच वेळी थोडे बाहेर सरकले, कुणाला जागा करून द्यावी तसे.

मग कॅप्टन बार्नी ओरडले, "गिडियन! तोंड मिटून बोलायला कधीपासून शिकलास?"

गिडियन पहिल्या बाकाला धरून उभा होता. त्याच्या ओठांवर रंग नव्हता. "माझा भाऊ आहे तो," तो म्हणाला. "त्याच्या आवाजाची नक्कल मी कधी केली नसती, कॅप्टन. लहानपणीसुद्धा नाही."

"मामला सोपा आहे," डीकन लॅफम म्हणाले. "नाव पुस्तकात आहे. उत्तर आलं. सगळ्यांनी ऐकलं. जाबेझ, लिहा."

"लिहा? आणि मग बरोबरी? म्हणजे जुना ठराव? मेलेल्या माणसाच्या शब्दावर?" कॅप्टन म्हणाले.

"मेला असं कुणी म्हटलंय अजून?" गिडियन म्हणाला.

तेव्हा सगळ्या माना जिन्याकडे वळल्या. "मेहिटेबलबाई," डीकन म्हणाले, "नाव ठेवायचं की काढायचं?"

मी म्हणाले, "मला वेळ द्या." सभा दोन आठवडे पुढे ढकलली.

*

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी साडेआठ वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

भरती रोज साधारण अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा येते. कोष्टकात प्रत्येक दिवसाची एक ओळ असते आणि खालची ओळ वरच्यापेक्षा तेवढी पुढे असते. आमच्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं ती थोडी मिनिटंच तो ओलांडायला धड असतात. नंतर ओहोटी जोरात बाहेर धावते, समोरून येणाऱ्या लाटांवर आदळते आणि बांधावर पाणी उभं राहून फुटतं. स्वच्छ दिवशी ते दिसतं. धुक्यात माणूस घड्याळावर जातो.

त्या सकाळी पेलेगने दारातून विचारलं, "किती वाजता, मेही?" मी कागदावर बोट ठेवून सांगितलं, "अकरा वाजून चोवीस." तो म्हणाला, "तुझ्या शब्दावर जातोय हं," आणि हसला. तो असं नेहमी म्हणायचा.

तीन दिवसांनी छापखान्यासाठी कागद तपासताना मला दिसलं की माझं बोट एक ओळ खाली होतं. त्या दिवशीची भरती दहा वाजून छत्तीस मिनिटांनी होती. चूक फक्त वाचण्यातली होती, कोष्टक बरोबर होतं. तरी मी सुरीने त्या दिवसाचा आकडा खरवडला आणि तोच आकडा पुन्हा लिहिला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कागद तिथे पातळ आहे. खिडकीशी धरला की उजेड आरपार येतो.

'तो मेला' असं म्हणणं म्हणजे माझ्यासाठी हे म्हणणं होतं.

*

बाकाखालची ओल मी पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत आली होती, सहा इंचांची. संध्याकाळी नव्हती. मी वडिलांचं घड्याळ आणि फूटपट्टी घेऊन गेले, आणि पुढचे अकरा दिवस, उजेड असेल तोवर, दर अर्ध्या तासाने मोजलं. धक्क्यावर खुणा केलेला खांब आहे, त्यावरची पाण्याची उंचीही दर वेळी लिहून ठेवली.

ओल वाढायची आणि ओसरायची. भरतीबरोबर, पण अगदी भरतीबरोबर नाही. धक्क्यावर पाणी पूर्ण चढून उतरू लागायचं तेव्हा फरशीवरचा डाग अजून पसरत असायचा. तो सगळ्यात मोठा व्हायचा तो भरतीनंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी. अकरा दिवसांत फरक जास्तीत जास्त तीन मिनिटांचा, आणि तेवढा माझ्या घड्याळाचा असू शकतो.

मी आकडे दोन स्तंभांत मांडले आणि बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. तो डाग कुठल्याही खऱ्या भरतीवर चालत नव्हता. मी सांगितलेल्या ओळीवर चालत होता.

आवाजाचाही मी विचार केला. मोठ्या रिकाम्या जागेत शेवटचा शब्द परत येऊ शकतो. मामा विचारतात, "हो की नाही?" शेवटचा शब्द 'नाही'. सभा गप्प असताना भिंतीने तेवढाच परत दिला असेल. मला ते पटावं अशी फार इच्छा होती.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी मी मामांना सभाघरात नेलं. दार लावलं. ते त्यांच्या मेजाशी उभे राहिले, मी जिन्यावर.

"हे कशाला, पोरी?"

"पाच वेळा विचारा, मामा. त्या दिवशी विचारलंत तसंच. मध्ये वीस वीस मोजा."

त्यांनी पाच वेळा विचारलं. काही आलं नाही. बाहेर कुणीतरी होडीचं बूड खरवडत होतं, तेवढा आवाज.

"झालं?" मामांनी विचारलं.

"आता उलटं विचारा. 'नाही की हो?' शेवटी 'हो' आलं पाहिजे."

"असं कुणी विचारतं का?" पण त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुस्तक नसतानाही खाली पाहून वाचल्यासारखं म्हटलं, "पेलेग ट्रिप. नाही की हो?"

मी मोजू लागले. बाहेरचं खरवडणं थांबलं. नऊला तिसऱ्या बाकावरून आलं, "नाही."

मामा खुर्चीवर बसले. चष्मा काढून त्यांनी तो बाहीने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "तुझं समाधान झालं का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज रागाचा होता, पण राग माझ्यावर नव्हता.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून एकतीस. भरती होऊन अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

*

दुसऱ्या सभेच्या आदल्या दिवशी गिडियन आला. टोपी हातात, दारातच उभा.

"आत ये ना," मी म्हटलं.

"वहिनी, मी भीक मागायला आलोय असं समजा. उद्या काही बोलू नका. तुम्ही गप्प राहिलात की झालं."

"तुला तो जिवंत आहे असं वाटतं?"

त्याने टोपी हातात फिरवली. "तो 'नाही'च म्हणाला असता," गिडियन म्हणाला. "एवढं तरी तुम्हाला ठाऊक आहे."

ते मला ठाऊक होतं. पेलेग एकोणीस वर्षांचा असताना एका गिनीच्या, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम आणणाऱ्या, जहाजावर पिंपं दुरुस्त करायला म्हणून गेला होता. एकच फेरी. परत आल्यावर त्याने त्या जहाजमालकाच्या घराच्या रस्त्यावरून जाणं सोडलं. आमच्या घरात डिसेंबरमध्येही खोलीचं दार उघडं ठेवून झोपायचा. मी लावलं तर उठून उघडायचा, एक शब्द न बोलता. नव्या घटनेचा छापील कागद गावात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. माणसांची आयात अठराशे आठ सालापर्यंत थांबवता येणार नाही, असं त्यात आहे, इतक्या आडवळणाने लिहिलेलं की 'गुलाम' हा शब्द कुठे येत नाही. आणि पळून आलेल्याला परत सोपवायचं, असंही आहे. माझं नाव पुस्तकात असतं तर मी 'नाही' म्हटलं असतं.

दुसऱ्या सभेत मी पुन्हा वेळ मागितला. कॅप्टन बार्नी म्हणाले, "बाई, न्यूपोर्टची सभा तुमच्यासाठी थांबणार नाही." मला दहा दिवस मिळाले. तिसरी सभा शेवटची.

गावात माझ्याशी बोलणं लोकांनी कमी केलं. एबल स्लोकम रस्त्यात भेटला. डावा हात तो खिशातून काढत नव्हता.

"दुखतोय का?" मी विचारलं.

"दुखत नाही हो. गार आहे. त्या दिवसापासून. आई म्हणते वारं लागलं."

"तू 'हो' म्हणालास ना, एबल?"

"बाबांचा माल कॅप्टनच्या जहाजावर जातो," तो म्हणाला आणि मान वळवली. "मला काय, मी त्यातलं सगळं वाचलंसुद्धा नाही."

*

क्वामिनो पिंपं बांधतो. पेलेगला ते काम त्याच्याच वडिलांनी शिकवलं होतं. ते स्वतः गिनीच्या किनाऱ्यावरून असल्याच एका जहाजाच्या पोटातून आले होते. क्वामिनो स्वतंत्र आहे, घर त्याचं आहे, पण त्याचं नाव पुस्तकात नाही. सभेच्या दोन दिवस आधी मी त्याच्या छपराखाली गेले. तो लाकडाच्या पट्ट्यांना कडं ठोकत होता. थांबला नाही.

"ऐकलंत तुम्ही?" मी विचारलं.

"मी खिडकीबाहेर होतो, बाई. आत बसायला मला कुठे बाक आहे? ऐकलं. पेलेगच होता."

"माझ्या एका वाक्यावर आलंय सगळं."

"ठाऊक आहे. माझ्या बायकोचा भाऊ कॅरोलिनातून मालकापासून पळून, चालत आलाय. अकराशे मैल. इथून दोन बंदरं पलीकडे राहतो, कुठे ते तुम्हाला सांगत नाही. तो रोज विचारतो, त्या बाईने काय ठरवलं?" त्याने कडं आणखी खाली बसवलं. "मी काय सांगू त्याला?"

मग मी त्याला सांगितलं. बोट, ओळ, अठ्ठेचाळीस मिनिटं, सुरी. फरशीवरचा डाग. सांगताना मी आकडे सांगत होते, कारण आकडे सांगताना माझा आवाज स्थिर राहतो. क्वामिनोने हातोडी खाली ठेवली.

"म्हणजे तो अजून बांधावर उभा आहे," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलेलं पाणी यायची वाट बघत."

"हो."

"आणि 'मेला' म्हटलं तर सुटेल, असं तुम्हाला वाटतं. म्हणजे तुम्ही खरं बोललात तर."

"मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी गप्प आहे तोवर आकडे जुळतायत."

भट्टीतला कोळसा फुटला. "मला तुमच्यावर राग आहे," तो म्हणाला, "ते आधी सांगून टाकतो. तुम्ही नाव काढाल, 'हो' एका मताने पुढे जाईल, तुमचा माणूस सुटेल, आणि किंमत माझा मेव्हणा भरेल. पण दुसरीही एक गोष्ट मला झोपू देत नाही. एकोणऐंशी जिवंत माणसं त्या घरात बसली होती, बाई. रविवारी तिथेच बसून प्रार्थना करतात. नाही म्हणणाऱ्यांनी कराचं कारण दिलं, राजाचं दिलं. त्या कलमासाठी नाही म्हणायला बुडालेला माणूस यावा लागला. आणि आता सगळे त्याच्या आड लपलेत. गिडियनसुद्धा."

"मग मी काय करू?"

"मला विचारू नका. माझं नाव पुस्तकात आहे का?" त्याने हातोडी उचलली. मी निघाले तेव्हा मागून म्हणाला, "बोललात तर सगळं बोला. तो का 'नाही' म्हणाला, तेही. नुसतं 'मेला' म्हणून बसू नका."

*

तिसरी सभा मेच्या मध्यावर, सकाळी दहाला. मी साडेआठला जाऊन खिडक्या उघडल्या. डाग नव्हता. बाकं पुसली. त्या दिवसाची भरती दहा वाजून अठरा मिनिटांनी होती. मी ओळ तीन वेळा वाचली, बोटाखाली कागदाची पट्टी धरून.

सगळे आले. आजारी म्हणून दोनदा घरी राहिलेला थॉमस गॉर्टनही आला, पण त्याला मत नव्हतं, मतं आधीच झाली होती. पुस्तक फक्त मिटायचं राहिलं होतं. तिसऱ्या बाकावर केलब आणि एबल आपापल्या टोकाला बसले, मध्ये जागा सोडून. ती जागा सोडा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उघड्या खिडकीबाहेर क्वामिनोची टोपी दिसत होती.

डीकन लॅफमनी प्रार्थना लांबवली. कॅप्टन बार्नींनी न्यूयॉर्कहून आलेलं पत्र वाचून दाखवलं, आमचा व्यापार तोडायचा कायदा तिथे कसा पुढे सरकतोय ते सांगणारं. गिडियनने त्याला उत्तर दिलं. दोघांच्याही बोलण्यात पूर्वीचा जोर नव्हता. बोलताना दोघंही तिसऱ्या बाकाकडे पाहत नव्हते, आणि न पाहण्याचा त्यांना त्रास होत होता. अकराला पाच मिनिटं असताना मामांनी पुस्तक उघडलं आणि आजवरचा हिशेब वाचला. बाजूने चाळीस. विरुद्ध चाळीस, त्यात पेलेग ट्रिप.

"मेहिटेबल ट्रिप," डीकन म्हणाले. "पुढे या."

मी जिन्यावरून उतरले. त्या फरशीवर मी हजार वेळा चालले असेन, झाडू घेऊन. रिकाम्या हातांनी पहिल्यांदाच. मामांच्या मेजाशी पोचून मी वळले, आणि मला बाकाखालचं दिसलं. डाग पसरत होता. केलबच्या बुटापर्यंत आला होता. एबलने पाय वर घेतले होते. खोलीत ओल्या दोराचा वास होता आणि तो सगळ्यांना येत होता.

मेजावरच्या घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती. म्हणजे डाग पूर्ण पसरायला आणखी आठ मिनिटं.

"नाव ठेवायचं की काढायचं?" डीकननी विचारलं.

"आधी मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत," मी म्हणाले.

"बाई, रीत अशी आहे की फक्त—"

"बोलू द्या तिला, डीकन," मामा म्हणाले. एकवीस वर्षांत त्यांनी सभापतीचं बोलणं कधी तोडलं नव्हतं.

मी सांगितलं की माझा नवरा एकोणीस वर्षांचा असताना कुठल्या जहाजावर गेला आणि का परत गेला नाही. जहाजाच्या तळाला माणसं असताना वरचं झाकण लावायचं काम त्याच्याकडे होतं, हे मी सांगितलं. दार उघडं ठेवून तो कसा झोपायचा तेही. मी सांगितलं की या घटनेतलं एक कलम ते झाकण आणखी अठरा वर्षं उघडू देत नाही, आणि त्याचं 'नाही' त्यासाठी आहे, करासाठी नाही. "त्याचं मत मला मान्य आहे," मी म्हणाले. "पण ते त्याला तिथून सांगायला लावणं मला मान्य नाही. पुस्तक अजून मिटलेलं नाही. ज्यांना ते म्हणायचं असेल त्यांना आवाज आहे."

एबल स्लोकमने डावा हात खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला होता आणि त्याच्याकडे तो पाहत होता. कॅप्टन बार्नी म्हणाले, "हे काय चाललंय?" गिडियन मान हलवून मला नको नको म्हणत होता.

अकरा वाजून पाच. डागाची कड माझ्या बुटापासून हातभर होती. मी मान वर केली आणि बाकाच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहून बोलले, बाकी कुणाकडे नाही. त्याच्याशी मी नेहमी बोलायचे त्याच आवाजात.

"पेलेग, माझं बोट एक ओळ खाली होतं. त्या दिवशी भरती दहा वाजून छत्तीस मिनिटांनी झाली. अकरा चोवीसला नाही. तू बांधावर पोचलास तेव्हा पाणी अठ्ठेचाळीस मिनिटं ओसरत होतं. आता ते पाणी येणार नाही. तू वाट बघू नकोस."

बाहेर धक्क्यावर कुठेतरी साखळी वाजली. मग तीही थांबली.

मामांनी लेखणी शाईत बुडवली. तिच्या टोकावरचा थेंब कागदावर पडू नये म्हणून त्यांनी खाली दुसरा हात धरला. डीकन लॅफमनी पुन्हा विचारलं, अगदी हळू, "मेहिटेबलबाई. ठेवायचं की काढायचं?"

"काढा," मी म्हणाले. "पेलेग ट्रिप मेला आहे."